ध्रुवनौका, मुक्काम फुलचूर

“वर जातानी डगमगू नको. तुह्या पोटात माणूस बसला राहीन.” मला घडवून झाल्यावर सुतार बिसरामदादांनी माझ्या नाकाला कुंकू लावलं आणि हळूच असं सांगितलं.

मित्रांनो, मी एक जुनी अंतराळनौका आहे. नाव ध्रुवनौका. खऱ्या आकाशात मात्र मी कधी गेले नाही. माझ्या फासळ्या बांबूच्या, अंगावर तेलाच्या पिप्यांचा पत्रा, त्यावर चंदेरी रंग. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात, नाटकं होतात. अशाच एका नाटकात हरवलेल्या बापाला आणायला एक मुलगी माझ्यात बसून ध्रुवताऱ्यावर जायची. ती मुलगी म्हणजे आमची रुख्माताई. उपास असो नसो, तुळशीला पाणी घातल्याशिवाय आणि माझ्या उंबऱ्याला हात लावल्याशिवाय ती आत पाऊल ठेवत नसे. पडद्यामागून गोवर्धनभाऊ दोर ओढायचे आणि मी वर उचलली जायचे. “जाऊन राहिली, जाऊन राहिली!” मुलं ओरडायची. किती गोड वाटायचं ते!

तिरोड्याजवळच्या एका गावी नाटक झालं. सकाळी पडदे, दोर उतरवून गाडीत भरणं चाललं होतं. तेवढ्यात जमुनाबाई नावाची आजी धानाच्या लोंब्या घेऊन आली. तिची लेक आचल त्याच वर्षी देवाघरी गेली होती.

“बाई, हे वर जाते, तं माह्या आचलले भेटते का?”

गोवर्धनभाऊ हसले. “आजी, हे मांडवाच्या वर नाही जात!”

“तुले कोन इचारलं रे? तू दोरी ओढ.” मग ती रुख्माताईला म्हणाली, “मले एकडाव बसवजो, माय. वरून हाक मारीन. आयकीन पोरगी.”

रुख्माताईने तिचा हात धरला. “पुढच्या मंडईले, माय. माह्या हातानं बसवीन.”

पण पुढच्या मंडईला त्या गावाने ऑर्केस्ट्रा बोलावला. मग हळूहळू कुणीच आम्हाला बोलावेना. नाटक कंपनी बंद पडली आणि मी फुलचूरला एका गोदामामागे उभी राहिले. माझ्या बांबूंना घुण लागला. पिठासारखा भुसा खाली पडत राही, त्याचाही आवाज मला ऐकू येई, इतकी तिथे शांतता. माझ्यावर रिकामी पोती टाकायलाच काय ती माणसं यायची.

यंदा तिरोड्याजवळच्या त्या गावाहून रुख्माताईला निरोप आला. जमुनाबाई आता खाटेवरून उठत नाही, पण मंडई आली की विचारते, “नाव आली का?”

रुख्माताई सकाळीच आली. पोती काढली, मला धुतलं, कुजलेल्या फासळ्यांना नवे बांबू बांधले.

“काऊन घेऊन जाऊन राहिली हे लाकडं?” गोवर्धनभाऊ म्हणाले. “ना नाटक, ना बोलावनं.”

“शब्द देला हाये, भाऊ.”

“अन् वर गेल्यावर मोडली तं? म्हातारी पडन.”

“म्हनून तं तुले बोलावलं. डोक्याएवढीच उचल, पन उचल.”

ते बाजारात जाऊन नवा दोर घेऊन आले.

मित्रांनो, तुमच्या घरामागेही एखादी जुनी वस्तू ऊन-पाऊस सोसत उभी असेल. तिला मोडण्याआधी एवढंच पाहा, तिच्या भरवशावर कुणी कुणाला काही कबूल तर केलेलं नाही ना.

मला टेम्पोवर चढवलं. माझ्या आतली बसायची जागा रुख्माताईने पदराने पुसली, पण ती स्वतः तिथे बसली नाही. माझ्या बाहेर, टेम्पोतच माझी कड धरून ती उभी राहिली आणि ड्रायव्हरला हळू आवाजात म्हणाली, “चाल, दादा.”