दोनशे साठ मायक्रॉन

निसर्गात दोन पेशी कधीच सारख्या नसतात, हे सत्य देवसिंग राठोड सर दारव्ह्याच्या कॉलेजात अकरा वर्षं शिकवत होते. यंदा त्यांनी पहिल्यांदाच बीएस्सीची जर्नलं सही करण्याआधी उघडून पाहिली, आणि सत्य उताणं पडलं. एकोणीसच्या एकोणीस पोरांनी कांद्याच्या पेशीची लांबी दोनशे साठ मायक्रॉन लिहिली होती. ना एक कमी, ना एक जास्त.

सरांना वास आला, आणि तो कांद्याचा नव्हता. पहिलं जर्नल उर्वशी चव्हाणचं आलेलं, म्हणजे कॉपीचं मूळ तिथंच. शिवाय लॅब सांभाळणारा शामभाऊ सकाळी विनाकारण हसला होता.

"माह्यासमोर मोज," सर उर्वशीला म्हणाले. "चुकली तर प्रॅक्टिकलात शून्य. एमएस्सी विसर."

"अन् बरोबर आली तर, सर?"

"तर पाठ केली असन."

"म्हणजे दोन्हीकडून शून्यच," ती पुटपुटली आणि कांदा सोलायला बसली.

तिनं पातळ पापुद्रा काढला, काचेवरच्या थेंबात पसरला, रंग टाकला, वरची नाजूक काच सुईनं तिरपी टेकवत सोडली. एक बुडबुडा नाही. सरांची निराशा झाली.

विभागात मायक्रोस्कोप पाच. वापरले की बिघडतात म्हणून चार कुलपात. पाचव्याची फोकसची चकती पोरं फिरवतात आणि भिंग स्लाइडवर आपटतात, म्हणून सरांनी ती टेप मारून पक्की केलेली. वर चिठ्ठी: हात लावू नये.

"सव्वीस घरं," उर्वशी म्हणाली. भिंगातल्या पट्टीचं एक घर दहा मायक्रॉनचं. "दोनशे साठ."

सरांनी बाजारातून दुसरा कांदा मागवला. दोनशे साठ.

"कांदा तूच आणला न, शामभाऊ?"

"नाही त काय सोताच चालत आला, सर?"

मग सरांनी स्वतःच्या डब्यातला कांदा काढला. तो बायकोनं दिलेला, आणि बायको निदान पेशींच्या बाबतीत संशयापलीकडची होती. स्लाइड स्वतः केली, डोळा लावला. सव्वीस घरं.

"सर, आता तुमची स्लाइड काढून पाहा बरं," उर्वशी म्हणाली.

"काढल्यावर काय दिसन, पोरी?"

"पाहा त खरं."

सरांनी स्लाइड काढली, पुन्हा वाकले. पेशी जागेवरच होती. गुलाबी, सव्वीस घरांची.

शामभाऊनं स्लाइड ठेवायची जागा ब्लेडनं खरवडली तेव्हा तिथून दुसरी काच निघाली, डिंकानं चिकटून बसलेली. चकती पक्की, म्हणून भिंगाला तेवढीच स्पष्ट दिसायची. काचही पक्की, म्हणून पट्टी दर वेळी त्याच पेशीवर पडायची. कोपऱ्यात लेबल होतं: 'कांदा, नमुना. दे. रा., २०१४.'

"अक्षर ओळखीचं वाटते," शामभाऊ म्हणाला. या वेळी तो कारणानं हसला.

"मग माह्ये मार्क, सर?"

सरांनी वीसपैकी वीस लिहिले. ती गेल्यावर त्यांनी कपाटातली जुनी जर्नलं काढली. दहाही वर्षांच्या जर्नलांत दोनशे साठच होते, आणि प्रत्येकाखाली सरांची सही होती.