सशाचे अकरा थेंब

कोथरूडच्या एका सोसायटीत खाली दहावीचे क्लास आणि वर तीन टेबलांचं ऑफिस होतं. त्या ऑफिसात परवीन आणि यज्ञेश्वर दिवसभर प्रोग्रॅम लिहायचे आणि मधून मधून भांडायचे. भांडणाचा विषय मात्र कधी बदलला नाही.

परवीन जावावाली, म्हणजे 'जावा' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिणारी. तिच्या भाषेत प्रत्येक गोष्ट काय आहे ते आधीच जाहीर करावं लागतं: हा आकडा, हा मजकूर, हा प्राणी. आकड्याच्या जागी मजकूर ठेवलात, तर प्रोग्रॅम आधी तपासून घेणारा कम्पायलर तिथंच अडवतो, प्रोग्रॅम सुरूच होऊ देत नाही. यज्ञेश्वर पायथनवाला. त्याच्या भाषेत डब्यावर चिठ्ठी लावायची सक्ती नाही. आत साखर आहे की मीठ, ते प्रोग्रॅम चालताना कळतं.

"अगं, ज्याला औषध पाजता येतं तो आपला पेशंट. मी येणाऱ्याची जात विचारत नाही," तो म्हणायचा.

"जात नको विचारूस. आकडा आहे की अक्षर, एवढं तरी विचारत जा," परवीन म्हणायची.

त्यांचं एक गिऱ्हाईक म्हणजे शकूताई. कात्रजच्या पुढं त्यांचं गाव शहरात आलं, तेव्हा आजूबाजूच्यांनी इमारती उठवल्या. शकूताईंनी शेतात पाळीव प्राण्यांचं वसतिगृह काढलं. मालक गावाला निघाले की कुत्री, मांजरं, कासवं त्यांच्याकडं यायची, सोबत डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं. कुणाला कधी किती औषध द्यायचं हे सांगणारा प्रोग्रॅम या दोघांनी केला होता. त्यात 'प्राणी' नावाचा एक क्लास, म्हणजे साचा, होता. कुत्रा, मांजर, ससा असे सगळे त्यातूनच निघालेले, आणि प्रत्येकाला विचारलं की तो आपापला डोस सांगायचा. डोसाचं गणित यज्ञेश्वरच्या पायथनमध्ये होतं, तर शकूताईंच्या मोबाइलवरचं नवंकोरं ॲप परवीनच्या जावात.

मध्येच शकूताईंकडं पोपट आला होता. यज्ञेश्वरनं तो डबा खाता खाता प्रोग्रॅममध्ये बसवला. परवीनला सतरा ठिकाणी जाहीर करत बसावं लागलं. त्यावरून तिला त्याच्याकडून बरंच ऐकावं लागलं होतं.

नवं ॲप सुरू झालं त्याच सकाळी शकूताईंचा फोन आला.

"परवीन हाय का? अगं, हितं मांजराला चारशे चव्वेचाळीस थेंब द्या म्हणून आलंय. औषध पाजायचं हाय का आंघोळ घालायचीय?"

"काहीच देऊ नका त्याला! बघून सांगते," परवीन म्हणाली. स्पीकरवर ऐकून यज्ञेश्वर तोंडावर रुमाल धरून हसत होता. मग त्यानं पडद्यावर पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं.

"मांजर चार किलोचं. किलोमागं तीन थेंब. बारा यायला हवेत," तो म्हणाला. "पण हा चार आकडा म्हणून आलाच नाही, अक्षर म्हणून आलाय. अक्षराला तीननं गुणलं की पायथन ते तीनदा लिहितो. चार, चार, चार."

'सांगत नव्हते?' हे शब्द परवीनच्या ओठांवर आले होते. ते तिथंच राहिले, कारण तिच्या मनात दुसरंच काही चमकलं. चारशे चव्वेचाळीसला कुणीही हसेल. पण प्राणी एकच किलोचा असला तर? किलोमागं दोन थेंब असले, तर एक हे अक्षर दोनदा. अकरा. अकराला कोण हसणार?

तिनं भराभर नावं चाळली. बाकीचे आकडे कुणीही हसावं असेच, पण एक ससा होता. वजन एक किलो, पोटाचं औषध, किलोमागं दोन थेंब. पुढं ठसठशीत अकरा.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"मी सर्व्हर बंद करतो," यज्ञेश्वर म्हणाला.

"त्यांनी आधीच वाचलं असेल. चल, बस मागं!"

तिची स्कूटर वारज्यावरून महामार्गाला लागली. मागं बसून यज्ञेश्वर सारखा फोन लावत होता. नवले पुलापाशी नेहमीप्रमाणं सगळं तुंबलेलं. कंटेनरच्या धुरात उभ्या उभ्या परवीन एकदम बोलली.

"वजन अक्षर म्हणून का गेलं, माहितीय? लोक 'अंदाजे चार' असं लिहितात, म्हणून तो रकाना मीच मजकूर ठेवला. मजकूर म्हणून जाहीर केला आणि मजकूरच भरला. कम्पायलर कशाला ओरडेल?"

आता हा टोमणा मारणार, म्हणून तिनं अंग चोरून घेतलं. यज्ञेश्वरनं कानाचा फोन खाली घेतला.

"तुझ्या ॲपच्या आधी माझा जुना पडदा होता, त्यावरून आकडाच यायचा," तो म्हणाला. "तुझ्याकडून काय येतंय ते मी उघडूनही पाहिलं नाही. त्या रिक्षाच्या डावीकडून घे, जागा आहे."

वसतिगृहाच्या अंगणात पोचले तर वेगळाच गोंधळ. शकूताईंची जाऊ मैना हातात भरलेला ड्रॉपर घेऊन पालथी पडली होती आणि शकूताई केरसुणीनं पिंपामागून काहीतरी हुसकत होत्या.

"धर गं मैने, तुझ्याकडं आला!"

पांढरा ससा पिंपामागून सुटला, मैनेच्या हाताखालून निसटला आणि पोत्यांच्या थप्पीत घुसला.

"धरू नका!" परवीन फाटकातूनच ओरडली. "मैनाताई, औषध देऊ नका त्याला!"

"देऊ नका?" मैना धापा टाकत उठून बसली. "मघापासनं दोघींला पळवतंय मेलं. एक थेंब पोटात गेला असंल तर शपथ!"

परवीनला हसावं की रडावं कळेना. ती तिथंच पायरीवर बसली. मग तिनं सगळं सांगितलं, स्वतःच्या रकान्यासकट. शकूताईंनी केरसुणी खाली ठेवली आणि दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"दोघं शिकलेली, एका खोलीत बसता. एकानं काय धाडलं ते दुसऱ्याला विचाराया काय होतंय?"

यज्ञेश्वरनं पाठीवरची लॅपटॉपची बॅग उतरवली.

"डॉक्टरांना फोन करून प्रत्येकाचा डोस विचारून घ्या ताई," परवीन म्हणाली. "आम्ही सांगेपर्यंत ॲपकडं बघूच नका."

मग ती आणि यज्ञेश्वर ओट्यावर लॅपटॉप उघडून बसले. परवीननं वजनाचा रकाना आकड्याचा केला. 'अंदाजे' लिहायला शेजारी वेगळी जागा दिली. यज्ञेश्वरनं दारातच पहारा बसवला: आकडा नसेल तर आत घेणार नाही, आणि तसं स्पष्ट बोलून दाखवेल. त्यानं मुद्दाम अक्षरात चार पाठवून पाहिला. प्रोग्रॅमनं तो परत हाकलला.

"बघ, आता जात विचारायला लागलास," परवीन म्हणाली.

"फक्त दारात. घरात आल्यावर नाही विचारणार."

"घरातसुद्धा विचारायला हवी."

"हे बघ परवीन, पोपट आला होता तेव्हा…"

मैनेनं चहा आणून ठेवला तरी ते थांबले नाहीत. तोवर डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. कोथिंबिरीच्या काडीला भुलून ससा आपणहून पोत्यांतून बाहेर आला. शकूताईंनी त्याला मांडीवर दाबून धरलं, मैनेनं मोठ्यांदा मोजत दोन थेंब त्याच्या तोंडात सोडले, आणि त्यातला अर्धा थेंब त्यानं शिंकून यज्ञेश्वरच्या इस्त्रीच्या शर्टावर उडवला.