पेन्सिलीने लिहिलेले नाव

"सर, आत तुम्ही अवाक्षर काढायचं नाही हं," दाराशी चैत्राली म्हणाली. लीड्समधल्या आमच्या विद्यापीठात पीएचडीच्या तोंडी परीक्षेला मार्गदर्शकाने फक्त बसायचे असते. तिची चार वर्षे त्या दिवशी पणाला लागली होती.

बाह्य परीक्षक व्हिटकोम यांची कीर्ती एका शोधावर उभी होती: तेराव्या शतकातल्या सूफी पोथीच्या समासात एका ग्रीक तत्त्वज्ञाचे नाव आहे, म्हणून सूफींचे ईश्वरचिंतन उसने. चैत्रालीच्या मते सूफींनी ग्रीकांचे गूढज्ञान घेतले आणि साधनेत मुरवून आपले केले. "उसने" हा शब्द घातल्याशिवाय पदवी कठीण, असे व्हिटकोम हसून म्हणाले. अडवणूक इतक्या सौजन्याने करायला तीस वर्षांचे अध्यापन लागते.

"ते नाव पेन्सिलीने लिहिलंय," ती शांतपणे म्हणाली. "छायाचित्रात कळत नाही. मी मूळ पोथी पाहिली. एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथपालाने घातलेला क्रमांकही त्याच अक्षरात आहे."

"मग हे प्रबंधात का नाही?"

कारण ते मीच काढायला लावले होते. परीक्षकांचा मान राखायला. मी खाली पाहिले.

"माझी चूक," ती म्हणाली.

व्हिटकोम यांनी पेन उघडले. मग पदवीसाठी सुचवायच्या दुरुस्त्यांच्या कागदावर त्यांनी एकच ओळ लिहिली: नाव पेन्सिलीतले असल्याची नोंद घालावी.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, आता बोललात तरी चालेल."