दोन नंबर बंद

दिल्लीहून निघालेलं विमान पुण्यापासून पंचवीस मिनिटांवर असताना उजव्या इंजिनातल्या तेलाचा दाब उतरू लागला. सहवैमानिक सादिकाला आधी आकडा दिसला, मग थरथर पायांना जाणवली.

"सर, दोन नंबर."

कॅप्टन शेखर खासनीसांनी पाहिलं. "बंद करावं लागेल. तूच उडव, मी चेकलिस्ट घेतो."

चुकून चांगलंच इंजिन बंद होऊ नये म्हणून दोघांनी खात्री करायची असते. कॅप्टननी स्विचवर बोट ठेवलं. "दोन नंबर?"

"दोन नंबर. कन्फर्म."

इंजिन थांबलं. विमानाचं नाक उजवीकडे ओढलं गेलं. सादिकानं डावा पाय दाबून ते सरळ केलं आणि तसंच धरून ठेवलं. मागे एकशे बहात्तर माणसं होती. कॅप्टननी टॉवरला 'मेडे', म्हणजे संकटाचा इशारा, कळवला, मग प्रवाशांना शांत आवाजात सांगितलं. ढगांखाली आल्यावर धावपट्टी दिसली, कडेला लाल बंब उभे होते.

"छान चाललंय," कॅप्टन म्हणाले. तेवढंच.

चाकं टेकली. मागून टाळ्या ऐकू आल्या. सादिकाचा डावा पाय आता थरथरायचा थांबत नव्हता. तिनं त्यावर हात दाबून धरला.

रिपोर्ट लिहून होईतो चार वाजले. कॅप्टनची बायको आणि मुलगी बाहेर थांबल्या होत्या. मुलगी धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. "चल, रावेतला घरी सोडतो तुला," ते म्हणाले. सादिका नको म्हणाली. त्या तिघांच्या गाडीत तिला बसवेना.

कॅबमधून तिनं पिंपरीला आईला फोन लावला. आईचं, खातूनबीचं, ब्लडप्रेशर महिनाभर वरच होतं.

"पोचलीस का गं?"

"हो अम्मी."

"विमान नीट आलं ना?"

"हो. थोडा उशीर झाला."

"जेवून घे मग."

एहसानचा नंबरही तिनं काढला. तलाकला दोन वर्षं झाली होती. थोडा वेळ नावाकडे बघून तिनं फोन पर्समध्ये टाकला.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन चिमाजी खुर्चीतून उठला. तो परभणीकडचा, एकटाच राहायचा.

"मॅडम, आज लवकर?"

ती पुढे गेली, मग थांबली. "काका, आज माझं इंजिन बंद पडलं. मध्येच."

"अरारा! कुठं, हायवेला का? निघोज्यात माझ्या वळखीचा मेकॅनिक हाय, लावू का फोन?"

"नको काका. आणलं मी नीट."

"एकटीनंच?"

"सोबत एक सर होते."

"मग बरं झालं." त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची पुढे सरकवली. "बसा जरा. पाय कापतोय तुमचा."

सादिका बसली. चिमाजी शेजारी उभा राहून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहीत राहिला. बऱ्याच वेळानं तिला रडू आलं.