शिंगवाल्यांचं भांडण कशावरून

वसमतच्या बसस्टँडकडून मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर सोनाजी पाईकरावांचं पत्रिकांचं दुकान आहे. तीस वर्षांत त्यांनी आसपासच्या किती लोकांची लग्नं कागदावर लावून दिली, याची मोजदाद त्यांना स्वतःलाही नव्हती. कोणाच्या नावापुढं चि., कोणाच्या सौ. कां., वारलेल्यांच्या कालकथित. निमंत्रक कोण, विनीत कोण, मामाकडच्यांचा चौकोन कुठं आणि पोराटोरांची किलबिल कुठं, यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. अशा माणसाच्या टेबलावर एका सकाळी त्यांच्या पोरीनं चपलांचा खोका उघडला आणि बोटाच्या पेराएवढे अठ्ठावीस राक्षस ओळीनं मांडले.

"राक्षस न्हाईत, बाबा," पल्लवी म्हणाली. "फौज हाय."

पल्लवी पुण्यात नोकरीला. चार दिवसांच्या रजेवर आली होती आणि येताना हे घेऊन आली होती. सोनाजींनी प्रूफ वाचायचं भिंग काढलं. प्रत्येकाच्या डोक्यावर बोकडासारखी शिंगं, तोंडं निळी, अंगात चिलखत. एकजण तर चक्क घोरपडीवर बसलेला. डोळ्यांतली बुबुळंसुद्धा रंगवलेली होती.

"रंगवली कोणी?"

"मी. आणली तवा कोरी होती."

"झकास. पण माझ्याकडं काय काम?"

"यांचा इतिहास लिहून पाहिजे."

सोनाजींनी भिंग खाली ठेवलं. "विकत आणली ना? मग दुकानदारानं सोबत न्हाई दिला?"

पल्लवीनं समजावून सांगितलं. पुण्यात त्यांचा एक गट आहे. मोठ्या टेबलावर डोंगर-नदी मांडायची, दोन बाजूंना दोन फौजा, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं आणि लढायचं. येत्या रविवारी मोठी लढाई होती. त्या गटाचा नियम असा, की लढाईआधी दोन्ही बाजूंनी आपापल्या फौजेचा इतिहास वाचून दाखवायचा. हे लोक कोण, आले कुठून, लढतात कशासाठी. आणि भांडणाचं कारण दोन्ही इतिहासांत जुळलं पाहिजे. त्याला वेगळे गुण होते.

"म्हणजे खोटा इतिहास लिहायचा?"

"खोटा न्हाई. रचलेला."

"फरक काय?"

पल्लवीनं जरा विचार केला. "खोटा फसवायला असतो. मी लिहिलं की ऑफिसच्या मेलवानी होऊन राहिलंय, बाबा. तुमी इतक्यांची घराणी कागदावर मांडली. हे एक मांडा."

लेकीनं एवढ्या विश्वासानं सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? सोनाजींनी पॅड घेतलं, पेन घेतलं आणि तासभर नुसते त्या शिंगांकडं बघत बसले. डोकं चालेना. ज्यांना बाप नाही, गाव नाही, मामा नाही, त्यांच्याविषयी माणसानं लिहावं तरी काय? शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीनं सुरुवात केली.

"हा घोरपडीवरचा वडील का?"

"व्हय, सरदार हाय तो."

"मग निमंत्रक तो. आन ही मागची बुटकी चौघं? मामाकडची दिसून राहिली."

"बाबा, ते तिरंदाज हेत."

"तिरंदाजाला मामा नसतो का?"

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेला साजीद खुदकन हसला. चाळिशीचा साजीद वीस वर्षांपासून दुकानात अक्षरजुळणी करत होता. सोनाजी कागदावर लिहीत, साजीद पडद्यावर मांडी, आणि प्रूफ पुन्हा सोनाजी वाचत. दुसऱ्या कोणाला ते प्रूफ वाचू देत नसत. "चाचा," साजीद म्हणाला, "शादी का कार्ड नको बनाओ. जंग का है ये."

संध्याकाळपर्यंत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांना नावं आणि नाती मिळाली होती. पल्लवी खूश होती. गाडी अडली ती एकाच ठिकाणी: भांडण कशावरून?

सोनाजींनी बांध सुचवला. पल्लवी म्हणाली, डोंगराच्या पोटात राहणाऱ्यांना बांध कसला? पाणी सुचवलं, रस्ता सुचवला. "हे सगळं तहसीलमधल्या अर्जासारखं वाटतंय," ती म्हणाली. "सख्ख्या माणसांत फाटलं असं काहीतरी पाहिजे. ऐकणाऱ्याला लागलं पाहिजे."

सोनाजींनी पेनाचं टोपण लावलं. "उद्या बघू," म्हणाले.

सख्ख्या माणसांत कसं फाटतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं, आयुषचं लग्न झालं. दुनियेच्या पत्रिका छापणाऱ्या माणसाच्या घरची पत्रिका, म्हणजे कशी पाहिजे! चार पानी, सोनेरी किनारीची. आणि त्या चार पानांत सोनाजींच्या पाठच्या भावाचं, साखऱ्याला शेती करणाऱ्या भीमराजचं नाव नव्हतं. बायकोकडच्या माणसांची नावं वाढली, म्हणून सोनाजींनी यादी नव्यानं उतरवली होती. त्यात ते राहिलं. घरातली माणसं मोजताना आपण स्वतःलाच मोजायचं विसरतो, तसं झालं. प्रूफही त्यांनीच वाचलं. पण जे पाठ असतं ते कागदावर नसलं तरी डोळ्यांना दिसतं, आणि त्यांना ते दिसलं.

भीमराजचा फोन आला. सोनाजी गडबडले आणि तोंडातून निघून गेलं, "साजीदच्या हातनं राहिलं रे. थांब, झापतो त्याला." आणि झापलंसुद्धा, चार गिऱ्हाइकांसमोर. साजीद खाली मान घालून उभा राहिला. सोनाजींच्या अक्षरातली यादी त्याच्या टेबलावरच पडलेली होती, पण तो काही बोलला नाही. भीमराज लग्नाला आला नाही. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. ती यादी मात्र सोनाजींनी फाडली नाही. खालच्या खणात ठेवली आणि खण उघडायचं टाळत राहिले.

आता भीमराजच्या साक्षीचं लग्न ठरलं होतं. साक्षी आणि पल्लवी पुण्यात एकाच खोलीत राहायच्या. बापांचं भांडण पोरींनी अंगाला लावून घेतलं नव्हतं. साक्षी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत वसमतला यायची आणि सोनाजींच्या खांद्यावरून उतरायची नाही. पाईकरावांच्या घरातल्या झाडून साऱ्या पत्रिका याच दुकानात छापल्या जायच्या. दोन महिने झाले, साखऱ्याहून मजकूर येत नव्हता. साक्षीची पत्रिका हिंगोलीला छापून आली की आपण भावाला कायमचे परके झालो, हे सोनाजींना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पल्लवी दुकानात आली ती फोन पुढं करूनच. "बाबा, समोरच्या फौजेचा इतिहास आला. भांडणाचं कारण त्यांनी लिहिलंय. आपल्याला जुळवून घ्यावं लागंल."

"वाच."

पल्लवीनं वाचलं. "'आम्ही खवल्यांचे लोक, नदीच्या अंगाला राहतो. डोंगरातले शिंगवाले आमचे सख्खे. एका सणाला शिंगवाल्यांच्या थोरल्यानं साऱ्या खोऱ्याला बोलावणं धाडलं. यादीत आमचं नाव नव्हतं. नाव राहतं, माणसाच्या हातून राहतं. आम्ही वाट बघितली, थोरला येईल आणि म्हणेल, माझ्याकडून राहिलं. थोरला म्हणाला, लिहिणाऱ्याच्या हातून राहिलं. लिहिणारा त्याच्या चाकरीतला माणूस, तो काय बोलणार? नाव राहिल्याचं आम्हाला काही नाही. आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारणाऱ्या घरात आम्ही कसं जावं? आमचं भांडण त्याचं आहे.'"

साजीदच्या बोटांचा आवाज थांबला होता.

"कोणाची हाय ही फौज?" सोनाजींनी विचारलं.

"साक्षीची."

"तिनं लिहिलं हे?"

"तिलाही सुचून न्हाई राहिलं. मग तिनं तिच्या बाबाला, भीमराजकाकाला फोनवर विचारलं. मी तुमाला विचारलं तसं."

सोनाजी पोरीच्या तोंडाकडं बघत राहिले. हे दोघींनी मिळून ठरवलं होतं का? की भीमराजनं ओळखून सुचवलं? की त्या बिचाऱ्यानं नुसतीच एक गोष्ट सांगितली आणि ती आपल्यालाच येऊन लागली? पल्लवीच्या चेहऱ्यावरून काही कळेना. भीमराजला हे ठाऊक कसं, हेही कळेना. मग वाटलं, न कळायला काय झालं? लहानपणी फोडलेल्या प्रत्येक माठाचं खापर सोनाजींनी कोणा ना कोणावर फोडलं होतं, आणि त्यातले निम्मे भीमराजवरच.

आणि उत्तर कोणी द्यायचं? घोरपडीवरच्या त्या सरदारानं, की सोनाजी ग्यानबा पाईकरावानं? त्यांचा इतका गोंधळ उडाला की हातातलं पेन उलटं धरलंय हेही ध्यानात आलं नाही. कोरा कागद आणि त्यावर निळी रेघ ओढलेला त्यांचा अंगठा, एवढंच टेबलावर होतं.

"चाचा," साजीद मागं न बघता म्हणाला, "हाथ से नहीं जमता तो बोलो. मैं टाइप करता."

म्हणजे सांगायचं कोणाला, तर साजीदलाच. पल्लवी चहा सांगायला बाहेर गेली. मुद्दाम गेली की सहज, देव जाणे.

"लिही," सोनाजी म्हणाले. "'आम्ही शिंगांचे लोक. खवल्यांचे लोक म्हणतात ते खरं आहे. यादी थोरल्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती.'"

साजीदनं लिहिलं.

"'तपासलीही त्यानंच. लिहिणाऱ्याकडं ती आली तेव्हाच तिच्यात नाव नव्हतं. थोरल्याला हे त्याच दिवशी कळलं होतं. पण भावापुढं लहान व्हायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं लिहिणाऱ्याला लोकांसमोर बोल लावला. लिहिणारा गप्प राहिला. थोरला सहा वर्षं त्याच्याच हातचं काम घेत राहिला आणि एकदाही त्याला चुकलो म्हणाला नाही.'"

साजीदची बोटं थांबली. "चाचा, ये कहानी में डालना है?"

"टाक."

"बराबर?"

"बराबर हाय, साजीद. माझं चुकलं."

साजीदनं ते वाक्य मात्र टाइप केलं नाही. त्यानं कागद छापून बाहेर काढला आणि ओठ हलवत स्वतःच शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, "एक नाम रह गया इसमें."

सोनाजी खुर्चीतून अर्धे उठले. "आता कोणाचं?"

"लिखनेवाले का. सब का नाम है, घोरपड का भी है. उसका नहीं."

सोनाजी बघतच राहिले. मग त्यांना हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. "टाक. साजीद लिही."

"शिंगवालों में साजीद?"

"काहून? शिंगवाल्यांत चांगला माणूस नसावा का?"

रविवारी संध्याकाळी पल्लवीचा पुण्याहून फोन आला. इतिहासाला दोन्ही बाजूंना पैकीच्या पैकी गुण पडले होते. शिंगवाले मात्र हरले. अठ्ठावीसपैकी सहा उरले.

"हरले?" सोनाजी चक्रावले. "अगं, थोरल्यानं कबूल केलं ना? मग भांडण मिटलं न्हाई?"

"बाबा, इतिहास वाचून झाला की लढाई करायचीच असती. त्याच्यासाठीच तर जमतात."

"मग लिहिलं काहून एवढं?"

पल्लवी हसली. साक्षीनं शिंगवाल्यांचा इतिहास आपल्या बाबांना फोनवर वाचून दाखवला, एवढं तिनं सांगितलं. ते काय म्हणाले? काही नाही, म्हणे. ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. सोनाजी दुकानात बसून दारातल्या पायांच्या आवाजाकडं कान देत राहिले. एकदा भीमराजचा नंबरही काढला आणि बोट तसंच धरून बसले. गुरुवारी दुपारी साक्षीचा मेसेज आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, वहीच्या एका पानाचा फोटो. अक्षर भीमराजचं. साक्षीच्या लग्नाचा मजकूर.

सोनाजींनी चष्मा लावला. मजकूर आला याचा आनंद करायला त्यांना फुरसत नव्हती. ते नाव शोधत होते. 'आपले विनीत' मध्ये बघितलं. काकांच्या ओळीत बघितलं. समस्त पाईकराव परिवारात बघितलं. मामाकडच्या चौकोनातसुद्धा बघितलं, इतके ते कावरेबावरे झाले होते. आयुषचं नाव होतं, पल्लवीचं होतं, किलबिलीत आयुषच्या लेकराचंही होतं. सोनाजींचं कुठंच नव्हतं.

"न्हाई रे, साजीद," ते कसेबसे म्हणाले. "फिट्टंफाट केली त्यानं. छापायला दिलं, पण नाव न्हाई माझं." त्यांना भावाचा राग आला नाही. आपल्या नावाची जागा रिकामी दिसली की काय होतं, हे आज सहा वर्षांनी त्यांच्या अंगावर आलं आणि ते खुर्चीत खाली सरकले.

साजीदनं फोन हातात घेतला. दोन बोटांनी पान मोठं केलं. "निमंत्रक देखे तुमी?"

"निमंत्रक पोरीचा बाप असतो. तिथं काय बघायचं?"

"सोनाजी ग्यानबा पाईकराव," साजीदनं वाचलं. "उसके नीचे भीमराज."

सोनाजींनी फोन ओढून घेतला. नाव सगळ्यांच्या वर होतं. भीमराजनं ते दोनदा गिरवून ठळक केलं होतं. तीन वेळा त्यांची नजर त्याच्यावरून गेली होती, आणि ते तिथं असेल असं मनातच नसल्यानं त्यांना ते दिसलं नव्हतं.

त्यांनी त्या गिरवलेल्या ओळीवर बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि टेबलावर ठेवून दिला.

"साजीद, हे मांडायला घे," ते म्हणाले. "आन प्रूफ तू वाच."