पत्ता पुण्याचा

लग्न झाल्यापासून कुंभारीच्या वेशीबाहेर मी एकटी कधी पाऊल टाकलेलं नाही, आणि आमच्या नवऱ्याचा फोन सांगतो की मी पुण्यात असते!

माझं ईमेल नवऱ्यानं, अभिमन्यूनंच उघडून दिलं होतं, म्हणून ते त्याच्याही फोनवर. तो कुर्डुवाडीला रेल्वेत असतो. घरात वायफाय आलं, मी मुलांची ऑनलाइन शिकवणी सुरू केली, आणि त्याच्या फोनवर सूचना आली: नवीन लॉगिन, पुणे.

"पुण्याला कुणाकडं गेलतीस?" त्यानं फोन करून विचारलं. मला हसू फुटलं. तो हसला नाही.

सासूबाई मध्ये पडल्या. "आरं, माझ्याम्होरं ज्वारी निवडत बसलीया की ती!"

"दुपारची तू झोपतीस, आई."

वायफाय जोडून देणाऱ्या, गुरु नावाच्या पोराला घरी बोलावून मी अभिमन्यूचा फोन स्पीकरवर टाकला. "दादा, ते गाव आयपी नंबरावरनं दिसतंय. आयपी म्हंजे पत्ता खरा, पण घराचा न्हाय," तो म्हणाला. "कंपनीचे नंबर पुण्याच्या नावावर हायत. तेच समद्यांना वाटलेत. अख्खी कुंभारी पुण्यात दिसतीया."

"लई तिच्या बाजूनं बोलतोयस की," अभिमन्यू म्हणाला. आता गुरुही संशयात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सांगणार कुणाला?

रविवारी अभिमन्यू वायफायची वायर काढायलाच घरी आला. शिकवणी बंद म्हणजे त्या घरात माझं म्हणून काहीच उरणार नव्हतं. त्यानं वायफायच्या डबीला हात घातला, तशी मी म्हटलं, "अवो, तुमच्या यार्डात रेल्वेचा डबा उभा असतो, त्याच्यावर पुणं लिवलेलं असतं. मग डबा पुण्यात असतो व्हय?"

त्याचा हात थांबला. डब्यावर त्याच्या मूळ डेपोचं नाव असतं, मग तो कुठंही उभा असो. ती अक्षरं हाच रंगवतो.

"न्हाय," तो पुटपुटला. सासूबाई चहा टाकायला उठल्या. जिंकले, असं वाटलं मला.

चहा पिऊन झाल्यावर त्यानं माझा फोन उचलला. "पण डबा कुटं उभा हाय, ते आमाला ठावं असतंय," म्हणाला, आणि माझं लोकेशन कायमचं त्याच्या फोनला जोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेले. डोक्यावरचा डबा खाली ठेवते न ठेवते, तोच फोन वाजला.

"गिरणीत कोण कोण हाय?"