आवडाबाई चालली तो ओढा

पांगरवाडी आता वाडी राहिली नव्हती. पैठण रोडनं चितेगावकडं जाताना एका अंगाला एकमेकांना चिकटलेले बंगले, टपऱ्या आणि गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या दिसतात, तीच पांगरवाडी. शहर वाढत वाढत आलं, गाव गिळलं आणि पुढं गेलं. गावात एक ओढा होता, तोही गेला. पण तो शहरानं नाही गिळला बरं का, तो गावच्या लोकांनीच पुरला. पडक्या घरांचा राडारोडा आणून टाकला, वर मुरूम अंथरला, रोलर फिरवला आणि गुंठा गुंठा पाडून विकून खाल्ला. उरलं त्यावर स्वतःचे बंगले बांधले. मग दर पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी शिरायला लागलं, तेव्हा हेच शहाणे एकमेकांना विचारायला लागले, की हे पाणी येतंय तरी कुठून.

शहराला अक्कल आली ती उशिरा. शाश्वत शहर नावाचा प्रकल्प निघाला. बुजवलेले ओढे मोकळे करायचे, काठानं झाडं लावायची, पाणी जमिनीत मुरवायचं. कल्पना चांगली होती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ओढा मोकळा करायचा तर त्याच्या उरावर बसलेल्याला उठवावं लागतं. आणि पांगरवाडीचा ओढा नेमका कुठून वाहत होता ते जमिनीवर दिसायची सोय राहिली नव्हती. जुन्या नकाशात त्याची रेघ होती, पण ती एवढी जाड, की तिच्याखाली बन्सीचा बंगलाही येत होता आणि चांदपाशाचं घरही.

बन्सी हा आवडाबाईचा एकुलता एक लेक. ओढा बुजवणाऱ्यांत सगळ्यात पुढं तोच होता, आणि त्याचा बंगला ऐन ओढ्याच्या पोटात उभा होता. चांदपाशा पिशोरकडून आलेला गवंडी. बन्सीचा बंगला त्यानंच बांधला आणि त्याच्या मागचा प्लॉट बन्सीकडूनच घेतला. बन्सीनं उभ्या आयुष्यात जे काही विकलं, त्यात हा एवढा एकच प्लॉट चोख निघाला. ती मळ्याची टणक जमीन होती, ओढ्याचा तिला कधी पाय लागला नव्हता. पण चांदपाशा आला तोवर सगळीकडं मुरूम पडलेला. त्याला कसं कळणार.

प्रकल्पाच्या करुणा मॅडम गावात आल्या. पोरगी कामसू होती, मनानं चांगली होती. देवळाच्या ओट्यावर बसून म्हणाली, "ओढा आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. तुम्हीच दाखवा. लोकसहभागाशिवाय आम्हाला काही करायचं नाही."

झालं, आयतीच संधी आली. काकासाहेब म्हणून गावचे जुने पुढारी, त्यांचाही बंगला बन्सीच्या ओळीतलाच, म्हणजे ओढ्यातलाच. ते खाकरून म्हणाले, "आमच्यात बांधाचा वाद झाला की माणूस चालवायची रीत हाय. दोन्ही बाजूंचा ज्याच्यावर विश्वास, त्यानं त्या जमिनीचं ढेकूळ पदरात घ्यायचं आन अनवाणी चालायचं. तो जिथं पाऊल टाकंल ती हद्द. मग कुणी तोंड उघडायचं नाय."

"असं कुणी आहे?" मॅडमनी विचारलं.

"आवडाबाई," चांदपाशाच पटकन बोलला. "मावशी चालल्या तर मला मंजूर. त्या जिथं पाय ठेवतील तिथं मी सही करून देतो."

हे तो बोलला त्याला कारण होतं. आवडाबाई तरुणपणी एकदा अशीच चालली होती, आणि ती चक्क स्वतःच्या सासऱ्याच्या विरोधात. घरची जमीन शेजाऱ्याला देऊन परत आली होती. सासऱ्यानं तिला पावसात अंगणात उभं केलं, जेवायला दिलं नाही, तरी तिनं पाऊल बदललं नाही. त्या दिवसापासून गावात तिचा शब्द म्हणजे शब्द. आता ती म्हातारी झाली होती, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. पण लोक म्हणाले, हे तर बेसच झालं, डोळे नाहीत म्हणजे कुणाचं घर दिसायचं नाही, माणूस निवळ आठवणीनं चालणार. मॅडमनाही ते फार आवडलं.

आवडाबाईला हे सांगितलं तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. बंगल्याच्या मागच्या खोलीत पडून पडून ती कंटाळली होती. सून सुरेखा ताट सरकवायची आणि जायची. तिच्या डोळ्यांत थेंब घालायची किळस सुरेखाला यायची, म्हणून ते काम चांदपाशाची बायको सगीरा करायची. सकाळ-संध्याकाळ मागच्या दारानं यायची, म्हातारीचं डोकं मांडीवर घ्यायची, थेंब घालायची, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी करायची. पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं करायची. ओढा कुणाच्या घरावरून जाणार याचा विचार आवडाबाईच्या मनात आलाच नाही. आपल्याला ओढा आठवतोय, आपण दाखवायचा, एवढंच तिला कळत होतं.

सकाळी सगळं गाव रस्त्यावर जमलं. जुन्या रस्त्याखालची मोरी तेवढी शिल्लक होती, तिथून सुरुवात. पदरात ढेकूळ, पायांत काही नाही, आणि हात बन्सीच्या हातात. मागं दोन पोरं चुन्याची फक्की टाकत होती, त्यांच्यामागं मॅडम फोटो काढत होत्या.

"मोरीपासून सरळ," आवडाबाई म्हणाली. "मंग कडुलिंब लागतो. कडुलिंबापाशी ओढा वळतो, उगवतीकडं. कडुलिंब आला की सांग रं."

"सांगतो ना, आई."

उन्ह तिच्या उजव्या गालावर होतं. ती चालत राहिली. मोरीपासून कडुलिंब काही लांब नव्हता. धुण्याचं ओझं डोक्यावर घेऊन ती हजारदा आली होती, पायांना ते अंतर पाठ होतं. एवढ्यात यायला पाहिजे होता.

"कडुलिंब?" तिनं विचारलं.

"झाड तर कधीच तोडलं, आई. पण ही बघ, त्याचीच जागा. वळलो आपण. उगवतीकडंच चाललोय."

मागच्या लोकांना ऐकू जाईल असं तो मोठ्यानं बोलला. आवडाबाई चार पावलं चालली आणि तिच्या ध्यानात आलं. उगवतीकडं वळलो तर उन्ह तोंडावर यायला पाहिजे. उन्ह अजून उजव्या गालावरच होतं. पोरगा आंधळ्या आईला फसवत होता. पदरात माती घेऊन निघालेल्या आईला.

ती थांबली. मागची फक्कीवाली पोरंही थांबली.

बन्सी तिच्या कानाशी वाकला. आईला दम लागला असेल असंच लोकांना वाटलं. तो हळूच म्हणाला, "वळलीस तर घर जाईल. वढ्यातल्या घराला भरपाई नाय. सुरेखा पोरीला घिऊन माहेरी जाईल, म्या खोली करून ऱ्हाईन. तुला कोण ठिवून घेईल, ते तूच बघ."

आणि त्यानं तिची बोटं दाबली. जोरात नाही. सवयीनं दाबावी तशी.

सासऱ्यापुढं उभी राहिली तेव्हा आवडाबाईच्या अंगात रग होती, कुठंही खुरपं धरून पोट भरेन अशी धमक होती. आता तिला संडासाला जायलासुद्धा भिंत चाचपावी लागत होती. ती भ्याली. खरं सांगायचं तर लाज तिला नंतर वाटली, भीती आधी वाटली. मागची खोली, तिथला पलंग, वेळेवर सरकणारं ताट, एवढंच तिला त्या घडीला दिसलं. आंधळ्या बाईला दिसावं तेवढं स्पष्ट दिसलं.

ती चालायला लागली.

थोडं पुढं गेल्यावर खमंग फोडणीचा वास आला आणि कोंबड्या बाजूला पळाल्या. कुणीतरी धावत येऊन तिचा दुसरा हात धरला.

"मावशी, दमानं. इथं पायरी हाय," सगीरा म्हणाली.

सगीरानंच तिला पायरी चढवली. सगीरानंच तिला घराच्या पुढच्या दारानं आत घेतलं, माजघरातून नेलं आणि मागच्या दारानं बाहेर काढलं. म्हातारी ठेचकाळू नये म्हणून वाटेतला पाट उचलून बाजूला ठेवला. पोरांनी उंबऱ्याच्या आत, फरशीवर, चुलीपर्यंत फक्की टाकली. चांदपाशानं भिंतीला हात लावून एकदा वर छताकडं पाहिलं आणि मॅडमना म्हणाला, "कुठं सही करायची?"

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला सगीरा मागच्या दारानं आली. आवडाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. सगीरानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब घातले.

"आमच्या मिस्त्रीच्या मनाला लई लागलंय," ती म्हणाली. "पण तुमच्यावर राग नाय त्यांचा. म्हणले, आपलंच नशीब वढ्यात हुतं. मावशींऐवजी दुसरं कुणी चाललं असतं तर भांडलो असतो."

आवडाबाईनं तोंड उघडलं. बाहेर सुरेखा भांडी घासत होती. आवडाबाईनं तोंड मिटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते सगीरानं औषधाचंच समजून पुसलं.

पुढं जे व्हायचं ते होत गेलं. पदरात माती धरून चाललेल्या आवडाबाईचा फोटो प्रकल्पाच्या अहवालावर पहिल्या पानावर छापला गेला. शहरात कुठंतरी मोठी सभा झाली, तिथं तो पडद्यावर दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. बन्सीनं तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. शाबास रे पठ्ठ्या. आईला दिसत नव्हता, म्हणून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं दाखवायचा, आणि ते सगळं मागच्या खोलीत ऐकू यायचं. आवडाबाईचं अन्न तुटलं. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. रोज दोन वेळा त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवायचं, हे तिला मरणापेक्षा वाईट वाटायला लागलं.

घर पाडायचं मशीन यायच्या आदल्या दिवशी सकाळीच मागून ठोकण्याचे आवाज यायला लागले. चांदपाशा स्वतःच घर उतरवत होता. मशीननं पाडलं तर सगळ्याचा चुरा होतो. आपल्या हातानं उतरवलं तर दारं, चौकटी, पत्रे तरी वाचतात. गवंड्याला हे कुणी सांगायला लागत नाही. जे घर विटेवर वीट ठेवून बांधलं, ते तो वीट वीट करून काढत होता.

आवडाबाई उठली. भिंत चाचपत मागच्या दारानं बाहेर पडली आणि आवाजाच्या रोखानं गेली. तिथं मॅडम आल्या होत्या, काकासाहेब होते, बन्सीही हात मागं बांधून उभा होता.

"मी खोटं चालले," आवडाबाई म्हणाली.

ठोकणं थांबलं.

"वढा इथं नाय. कधीच नव्हता. वढा माज्या घराखालून जातो, आन काकासायबाच्या. मला ठावं हुतं. मला कळलं हुतं तरी मी चालले. ह्याचं घर पाडू नका."

करुणा मॅडमनी वळून बन्सीकडं पाहिलं. बन्सीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण क्षणभरच. मग तो खाली बसला, रुमाल डोळ्यांना लावला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "बघा मॅडम. बघा आमच्या आईचं काळीज. शेजाऱ्याचं घर वाचावं म्हणून पोटच्या पोराचं द्यायला निघाली."

"तशीच हाय ती पहिल्यापासून," काकासाहेब म्हणाले. "सासऱ्याची जमीन नाय का दिली."

"देवाच्यानं खरं सांगते," आवडाबाई म्हणाली. "दाखवते चालून. हात नको मला कुणाचा."

ती निघाली. आता ओढ्याच्या वाटेवर भिंती होत्या, फाटकं होती, उभ्या केलेल्या गाड्या होत्या. ती एका मोटारसायकलवर आपटली, सावरली, पुढं गेली आणि काकासाहेबांच्या कंपाउंडला धडकली. भिंतीवर दोन्ही हात ठेवून ती म्हणाली, "इथून आत जातो. इथून आत." तिच्या कपाळातून रक्त आलं होतं. जमलेल्या लोकांपैकी कुणीतरी तोंडावर हात ठेवून हसलं. मॅडमना मात्र भरून आलं. त्यांनी कागद बॅगेत ठेवले आणि म्हणाल्या, "आजींना प्लीज घरी घेऊन जा. त्यांना किती त्रास होतोय."

तेवढ्यात चांदपाशा शिडीवरून उतरून आला. आवडाबाईला वाटलं, हा तरी. ज्याचं घर चाललंय, त्याला तरी पटेल, तो तरी मॅडमचे पाय धरील. तिनं त्याच्या शर्टाला घट्ट धरलं.

"पाशा, तू इचार त्यांना. मी खोटं चालले रं. तुज्या आल्लाची आन."

चांदपाशानं तिचे हात सोडवले आणि आपल्या हातात धरले. त्याचे हात चुन्यानं भरले होते.

"मावशी, बस करा," तो म्हणाला. "जन्मात कधी खोटं बोलल्या नाय तुम्ही. आता आमच्यासाठी जबान खराब करू नका. त्या दिवशी माती घिऊन चालल्या, तेच खरं. घर काय, म्या मिस्त्री हाय, पुन्हा बांधीन."

सगीरानं तिला आणून स्टुलावर बसवलं, कपाळाचं रक्त पुसलं. चांदपाशा शिडी चढला आणि पहार घेतली. आवडाबाई म्हणतच होती, खोटं चालले, मी खोटं चालले. सगीरा तिच्या पाठीवरून हात फिरवत लहान पोराला समजवावं तसं म्हणत होती, "व्हय मावशी. व्हय. व्हय." वरून विटा पडायला लागल्या.